शेजारघरचे साहित्य : मुंबईतले कन्नड लेखक आणि त्यांचा गोतावळा

दगडू परब हे नाव ऐकले की गिरणगावातला नाहीतर तळकोकणातला कुणीतरी आपल्या डोळ्यांसमोर येतो. या नावाच्या माणसाची एक कथा आहे. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला पाठीवर घेऊन घोडा उधळतो आणि त्या धावण्यातून मुंबईच्या गल्लीबोळातले एक वेगळेच आयुष्य उलगडत जाते. माणूस मराठी, वरात मराठी, रस्ता आपल्या पायाखालचा. कथा मात्र कन्नड आहे. तिचे लेखक जयंत कायकिणी. १९८९ साली निघालेल्या त्यांच्या कथासंग्रहाचे नावच ‘दगडू परबन अश्वमेध’ असे आहे.

म्हणजे धारवाडच्या किंवा म्हैसूरच्या वाचकाला दगडू परब गेली पस्तीस वर्षे ओळखीचा आहे. अंधेरी-मुलुंडच्या मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. आपल्याच वस्तीवर, आपल्याच माणसांवर, आपल्याच शेजाऱ्याने लिहिलेले साहित्य आपल्याला अपरिचित का राहिले? आणि हा शेजारी लेखक झाला, टिकला, तो कुणाच्या आधारावर? या दोन प्रश्नांचा मागोवा घेण्यासाठी हा लेख आहे.

मी मुलुंडला राहतो. पेशाने हिशेब लिहिणारा माणूस. साहित्याचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात घेतलेले नाही. कन्नड लिपी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो. शिकवली ती आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांचे सारे आयुष्य हॉटेलच्या गल्ल्यावर गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांच्या घरी बोलतात तुळू, त्यांचे शिक्षण झाले कन्नडमध्ये, धंदा केला हिंदी-मराठीत. या तीन मजली भाषाव्यवहारातच मुंबईच्या कन्नड साहित्याची बरीचशी गोष्ट दडलेली आहे.

मुंबईत घडलेला कन्नडिग

आज कर्नाटक म्हटले की एक राज्य नजरेसमोर येते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी असे राज्य नव्हते. कन्नड मुलूख पाच कारभारांत विभागलेला होता. म्हैसूर संस्थान वेगळे, कोडगू वेगळे, गुलबर्गा-रायचूर निजामाकडे, मंगळूर-उडुपीचा दक्षिण कानडा मद्रास इलाख्यात, आणि धारवाड, विजापूर, बेळगाव व कारवार मुंबई इलाख्यात. कारवार-कुमट्याचा उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्याला जोडला गेला होता. त्यामुळे अंकोल्याच्या किंवा गोकर्णाच्या मुलाला मुंबई परमुलूख वाटत नसे. ती त्याची राजधानीच होती. उच्च शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी या सगळ्यांसाठी त्याची पावले इकडे वळत. उडुपीच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याची राजधानी मद्रास. पण पोटाची वाट त्याला मुंबईच्या खाणावळींकडे घेऊन आली.

या पाच कारभारांतली माणसे एकमेकांच्या शेजारी राहायला आली ती मुंबईत. इथल्या संस्थांची नावे पाहिली तर हा प्रवास दिसतो. माटुंग्याच्या म्हैसूर असोसिएशनची स्थापना १९२६ ची. तिच्या नावात संस्थान आहे. १९३३ मध्ये ‘कर्नाटक संघ’ निघाला, तेव्हा त्या नावाचे राज्य नकाशावर नव्हते. १९५६ नंतरही राज्याचे नाव म्हैसूरच राहिले; ‘कर्नाटक’ हे नाव अधिकृत झाले १९७३ साली. मुंबईतल्या मंडळींनी ते चाळीस वर्षे आधी आपल्या पाटीवर लिहिले होते. गावी असताना जो तुळू बोलणारा होता, कारवारचा कोकणी होता किंवा हुबळीकर होता, तो इथे आल्यावर इतरांच्या सोबतीने कन्नडिग झाला.

रात्रशाळा, संघ आणि मासिके

लेखक एकटा लिहितो हे खरे; पण तो एकटा तयार होत नाही. त्याला अक्षर शिकवणारी शाळा लागते, पहिले लिखाण छापणारे मासिक लागते, आणि ऐकून घेणारी चार माणसे बसतील एवढी खोली लागते. मुंबईच्या कन्नड समाजाने या तिन्ही गोष्टी स्वतः उभ्या केल्या, आणि त्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः ज्ञातिसंस्थांच्या जोरावर.

मच्छीमार समाजाची मोगवीर व्यवस्थापक मंडळी १९०२ साली मुंबईत स्थापन झाली. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्याजवळ तिचे शैक्षणिक संकुल आज उभे आहे. रोज त्याच्यावरून जाणाऱ्या किती जणांना ‘एम.व्ही.एम.’ या अक्षरांतला मोगवीर ठाऊक असेल? बंट समाजाचा संघ १९२७ चा, बिल्लव असोसिएशन १९३२ ची. याच बिल्लव असोसिएशनने पुढे १९७८ मध्ये भारत को-ऑपरेटिव्ह बँक काढली. उपनगरांत तिच्या शाखांवरून आपण येता-जाता जातो. या संस्था लग्ने जमवत, शिष्यवृत्त्या देत, गावाकडच्या देवळांना वर्गणी पाठवत. पण साहित्याच्या दृष्टीने त्यांची दोन कामे मोलाची ठरली. एक रात्रशाळा, दुसरे मासिक.

रात्रशाळांची गोष्ट मी अण्णांच्या तोंडून ऐकली. बाराव्या वर्षी ते मुंबईला आले. पहाटे पाचला भट्टी पेटायची. दिवसभर टेबले पुसायची, कपबशा विसळायच्या. संध्याकाळी मालक दोन तास मोकळीक देई. त्या दोन तासांत फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जायचे, आणि परत येऊन हॉटेलच्याच बाकावर झोपायचे. अशी शेकडो मुले या शाळांतून मॅट्रिक झाली. कुणी बँकेत लागले, कुणी वकील झाले, कुणी स्वतःचे हॉटेल काढले. घरची भाषा तुळू असलेल्या या मुलांना शाळेची भाषा म्हणून कन्नड मिळाली. गाव सुटले तसे बोलीचे वातावरण सुटले; हातात राहिली ती लिहिता-वाचता येणारी कन्नड. तीच मग आठवणींची, पत्रांची आणि कवितांचीही भाषा झाली.

दुसरे काम मासिकांचे. मोगवीरांचे ‘मोगवीर’, बिल्लवांचे ‘अक्षय’ अशी संस्थांची मासिके निघत आली. वरवर पाहता ही ज्ञातीची पत्रके : लग्नाच्या जाहिराती, निधनवार्ता, वार्षिक सभेचे अहवाल. पण त्यांच्याच मधल्या पानांत कथा असे, कविता असे, गावाकडच्या दैवतांवरचा लेख असे. बंगळूरूच्या मोठ्या नियतकालिकांपर्यंत ज्याचा हात पोहोचत नव्हता अशा हॉटेल-कामगाराला किंवा कारकुनाला आपले नाव पहिल्यांदा छापलेले दिसले ते या पानांवर. ज्ञातिसंस्थांकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. परक्या शहरात जातीच्या नावाने उघडलेल्या खोलीत पुष्कळदा भाषा जगत होती. तिला मर्यादाही होत्या. त्या खोलीत दुसऱ्या जातीचा लेखक सहसा येत नसे. ती अडचण दूर झाली कर्नाटक संघासारख्या, सगळ्यांना मोकळ्या असलेल्या सभागृहांत. पुढे मुंबई विद्यापीठाच्या कन्नड विभागाने या सगळ्या लेखनाची नोंद ठेवण्याचे काम अंगावर घेतले, प्रा. जी. एन. उपाध्य यांचे नाव त्यासाठी आवर्जून घ्यावे लागेल. ‘सृजना’ या नावाने कन्नड लेखिकांचा स्वतंत्र मेळावाही मुंबईत उभा राहिला.

लंडनमधले बेटवासी

असे दुसरीकडे कुठे घडले आहे का, हे शोधताना एक अनपेक्षित दुवा सापडला. कायकिणींच्या मुंबई-कथा इंग्रजीत आणणाऱ्या तेजस्विनी निरंजना यांनी त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या समाजावर आणि त्याच्या संगीतावर २००६ साली एक अभ्यासग्रंथ लिहिला आहे. तो धागा धरून मी कॅरिबियन बेटांच्या लेखकांकडे वळलो आणि चकित झालो.

१९४३ मध्ये बीबीसीवर ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम सुरू झाला. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद या बेटांवरचे लेखक आपल्या कथा-कविता लंडनला पाठवत. तिथे त्या वाचल्या जात आणि रेडिओवरून पुन्हा बेटांवर ऐकू येत. १९५८ पर्यंत तो चालला. तरुण व्ही. एस. नायपॉल यांनी काही काळ त्याचे संपादन केले. शेजारच्या बेटावर कोण काय लिहितो हे बेटकरांना कळले ते लंडनमार्गे. सॅम सेल्वन आणि जॉर्ज लॅमिंग १९५० मध्ये एकाच बोटीने इंग्लंडला पोहोचले. आपण वेस्ट इंडियन आहोत ही जाणीव बेटावरच्या माणसाला परमुलखात गेल्यावरच होते, असे निरीक्षण लॅमिंगनी पुढे नोंदवले. माटुंग्यातल्या कन्नडिगाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

१९६६ मध्ये कमाउ ब्रॅथवेट, जॉन ला रोझ आणि अँड्र्यू सॉल्की या तिघांनी लंडनमध्ये कॅरिबियन कलावंतांची चळवळ सुरू केली. पहिल्या बैठका ब्रॅथवेटच्या घरी होत. त्याच वर्षी ला रोझने ‘न्यू बीकन’ ही प्रकाशनसंस्था काढली, तीही घरातूनच. तिचे पुस्तकांचे दुकान पुढे उत्तर लंडनमध्ये अनेक वर्षे लेखक-वाचकांचा अड्डा होते. इथेही गरजा त्याच : बसायला खोली, छापायला जागा, विकायला दुकान.

दोन्हींत एक मोठा फरक मात्र आहे. सेल्वनची लंडनवरची कादंबरी १९५६ साली इंग्रजीत आली. तिची भाषा बेटांवरची, वळणे वेगळी. तरी लंडनचा वाचक ती त्याच आठवड्यात उघडून वाचू शकत होता. मुंबईतला कन्नड लेखक ज्या शहरावर लिहीत होता त्या शहराला त्याची लिपीच वाचता येत नव्हती. त्याचा वाचक एकतर त्याच्या संघात होता किंवा पाचशे मैलांवर. आपल्या कथेतला परब आपल्याच जिन्यावर भेटतो आणि त्याला त्या कथेतले काही सांगता येत नाही, हा एकटेपणा लंडनच्या त्या मंडळींच्या वाट्याला या रूपात आला नाही.

चित्ताल आणि कायकिणी

या एकटेपणातून दोन मोठ्या लेखकांनी दोन वाटा काढल्या. यशवंत चित्ताल (१९२८–२०१४) हे उत्तर कानड्यातल्या हनेहळ्ळीचे. प्लास्टिक-पॉलिमर क्षेत्रातले तंत्रज्ञ म्हणून त्यांची हयात मुंबईत गेली. वांद्र्याच्या समुद्राजवळच्या घरात बसून त्यांनी आयुष्यभर हनेहळ्ळी लिहिली; शिवाय मुंबईही लिहिली, पण ती कचेऱ्यांतली, उद्योगसमूहांच्या चकचकीत दालनांतली. १९७९ साली आलेल्या ‘शिकारी’ या कादंबरीतल्या नागप्पाला एके दिवशी कळते की आपल्याला निलंबित केले आहे. आरोप काय, तो कुणी केला, हे स्पष्ट होत नाही. तो उत्तर शोधत भूतकाळात शिरतो आणि गाव, घराणे, जात, नाव या सगळ्यांची झडती घेतो. शहरात स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाला कोणत्याही क्षणी परके ठरवता येते, ही त्यातली भीती आहे.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. त्या काळात ‘मार्मिक’मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात, आणि उडपी हॉटेलांवर दगड पडले. अण्णांना ते दिवस आठवतात. ते तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत. दुकानाची फळी लावून आत बसलो होतो, एवढेच सांगतात. आणि बाहेर पाळत ठेवायला दोन मराठी गिऱ्हाइके उभी होती, हेही सांगतात. चित्तालांच्या कादंबरीचा अर्थ मुंबईच्या त्या दशकांशी असा थेट जोडता येणार नाही. परंतु ज्या शहरात नागप्पा घडला ते हेच शहर होते. चित्तालांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो ‘कथेयादळु हुडुगी’ या कथासंग्रहासाठी. तीनच वर्षांनी मुंबईच्याच व्यासराय बल्लाळांच्या ‘बंडाय’ कादंबरीला तो मिळाला. एका परभाषी शहरातल्या दोन लेखकांनी चार वर्षांत आपल्या भाषेचा सर्वोच्च सन्मान मिळवावा, ही नोंद मुंबईच्या मराठी वाङ्मयीन इतिहासातही असायला हवी.

कायकिणींची वाट निराळी. गोकर्णात १९५५ साली जन्म, वडील गौरीश कायकिणी नामवंत विचारवंत. एकोणिसाव्या वर्षी पहिल्याच कवितासंग्रहाला कर्नाटक साहित्य अकादमीचा पुरस्कार. धारवाडहून जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबईला आले आणि औषध कंपनीत केमिस्ट म्हणून नोकरी करू लागले. त्यांनी गावाकडे पाठ फिरवली नाही. पण मुंबईवर लिहिताना त्यांची माणसे कन्नडिगच असली पाहिजेत असा आग्रह धरला नाही. त्यांच्या कथांत थिएटरात झाडू मारणारा येतो, फोटोंना चौकटी करणारा दुकानदार येतो, सिनेमात दुसऱ्यासाठी उड्या मारणारा येतो. ‘नो प्रेझेंट्स प्लीज’ या कथेत घरदार नसलेले दोन तरुण जीव आपल्या लग्नाची पत्रिका तयार करायला बसतात आणि नावे-आडनावे कशी छापावीत इथेच अडतात. त्यातल्या मुलीचे आडनाव लोखंडे. मुंबईने ज्यांना काही दिले नाही त्यांनी एकमेकांना काय दिले, हा कायकिणींचा विषय आहे.

याच नावाने निघालेल्या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा २०१८ चा डीएससी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले अनुवादित पुस्तक. रक्कम लेखक आणि अनुवादिकेला विभागून दिली गेली. त्यानंतर इंग्रजी वृत्तपत्रांतून आपल्याला कळले की मुंबईवर इतके चांगले कुणीतरी लिहिले आहे. अंधेरीच्या गल्लीतली गोष्ट आधी बंगळूरूला गेली, तिथून इंग्रजीत गेली, आणि बक्षीस घेऊन मग अंधेरीला परतली.

धारवाडचे जी. ए.

हेच चित्र उलट बाजूनेही पाहता येते. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. सीमा हलली आणि घर न बदलता जी. ए. परराज्यातले मराठी लेखक झाले. त्यांचा गोतावळा पत्रांतून जमला. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघावेत इतका तो पत्रव्यवहार मोठा होता. त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे होते. घरची भाषा मराठी, आणि कन्नडचे ज्ञानपीठविजेते महाकवी. बेंद्र्यांना मराठी माणूस मोठ्या प्रेमाने ‘आपले’ म्हणतो. मग त्याच न्यायाने चित्ताल आणि कायकिणी मुंबईचे, म्हणून थोडे आपलेही नाहीत का? सीमाप्रश्न न्यायालयात आणि विधानसभांत जे वळण घ्यायचे ते घेईल. वाचनालयाच्या कपाटात ती सीमा कशाला हवी?

आता काय उरले

आज हा गोतावळा विरळ होतो आहे. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, त्यांत कन्नड आहे. पण कन्नड माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत गेली आणि रात्रशाळांची गरज हॉटेलच्या धंद्याबरोबर बदलली. अण्णांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. तुळू समजते, कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. अण्णांच्या कपाटात मासिकांचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत, आणि ते उघडू शकणारा त्या घरातला शेवटचा माणूस ऐंशी ओलांडून गेला आहे. कायकिणी स्वतः दोन दशकांच्या मुंबईनंतर बंगळूरूला गेले. तिथे त्यांची चित्रपटगीते घराघरांत पोहोचली.

मराठी वाचकाने याकडे दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहू नये. उपनगरातल्या मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग कसे रिकामे होत आहेत ते आपण पाहतोच आहोत. टोरांटो किंवा न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळांतून आपली मंडळी नेमकी तीच धडपड करत आहेत जी मोगवीरांनी आणि बिल्लवांनी इथे केली : शनिवार-रविवारची शाळा, वार्षिक अंक, भाड्याचे सभागृह. त्यांची तिसरी पिढी मराठी वाचेल का, या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर आधी आपल्या जिन्यावरच्या शेजाऱ्याच्या घरात डोकवावे.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. कन्नडमधून मराठीत थेट अनुवाद करण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. उमा कुलकर्णी यांच्यामुळे भैरप्पा मराठी घरांत इतके रुळले की ते कन्नड लेखक आहेत हे अनेकांच्या ध्यानातही राहत नाही. कर्नाटकातल्या कन्नडला जे प्रेम मिळाले ते मुंबईतल्या कन्नडला मिळायला हवे. उपनगरातल्या एखाद्या ग्रंथालयाने वर्षातून एक संध्याकाळ शेजारभाषेच्या लेखकाला द्यावी. संस्थांच्या मासिकांचे जुने अंक, ज्ञात अभ्यासक अजून आहेत तोवर, एका ठिकाणी जमवून त्यांची चित्रप्रत करून ठेवावी. २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना इंग्रजी अनुवादातून आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला तेव्हा साऱ्या जगाने कन्नडकडे पाहिले. आपल्याला जगाच्या वाटेने जायची गरज नाही. आपली भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे.

गेल्या वर्षभर मी अण्णांच्या कपाटातल्या अंकांची सूची करतो आहे. लेखकाचे नाव, गाव, कथेचे शीर्षक, महिना, साल, आणि कथेत मुंबईचा उल्लेख असेल तर कोणत्या भागाचा. वहीचे तीन रकाने भरत आले आहेत. कुर्ला, सांताक्रूझ, घाटकोपर, मुलुंड ही नावे कन्नड अक्षरांत वाचताना सुरुवातीला अडखळायला होत असे. आता होत नाही. ज्या वाचकांच्या शेजारी, सोसायटीत किंवा नेहमीच्या हॉटेलात असे जुने अंक पडून असतील, त्यांनी ते रद्दीत जाण्याआधी एकदा विचारून पाहावेत, एवढीच विनंती.